बद्द आवाज

तारखेडच्या ग्रामीण रुग्णालयातून एक्स-रेचं यंत्र ट्रकात चढलं, त्या दिवशी तृप्ती उगलेनं अख्ख्या स्टाफला पेढे वाटले होते. वॉर्डातल्या पेशंटांनाही दिले. मधुमेहाच्या दोघांनी हात पुढे केले तेव्हा त्यांना दटावून अर्धा अर्धा दिला. एक्स-रे तंत्रज्ञ बाईनं स्वतःचंच यंत्र गेल्याचा आनंद करावा, याची सगळ्यांना गंमत वाटली. पुढं त्या पेढ्यांचा विषय निघाला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची, पण ते फार नंतरचं.

आनंदाला कारण होतं. सोळा वर्षं तिनं रडणारी पोरं धरून ठेवली होती. मोडका हात थंड पत्र्यावर सपाट ठेव, आता आडवा कर, हलू नको, म्हणून समजावता समजावता तिचाच घसा बसायचा. वर त्या किरणांची भीती. आता कायदाच झाला होता की चौदा वर्षांखालच्या मुलांना आधी अस्थिदर्शक, आणि एक्स-रे अगदीच नडलं तर. मोठ्यांचे एक्स-रेही आता जिल्ह्यालाच निघणार होते.

अस्थिदर्शक दिसायला लहानशा इस्त्रीसारखा होता आणि मुलं त्याला इस्त्रीच म्हणत. दुखऱ्या जागेवर थंडगार जेली लावायची आणि तो अलगद फिरवायचा. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज त्यातून निघे, कातडी आणि मांस ओलांडून आत जाई, हाडावर आपटून माघारी येई. किती वेळानं आला त्यावरून यंत्र पडद्यावर चित्र काढी. हाडाचा पृष्ठभाग म्हणजे एक स्वच्छ पांढरी रेषा. रेषा सलग असली तर हाड धड, रेषेत पायरी दिसली तर तिथं मोडलंय. मुलांची कोवळी हाडं पुष्कळदा मोडतही नाहीत, नुसती दबतात. तेवढा बाकसुद्धा रेषेत कळे. मूल आईच्या मांडीवर बसून स्वतःच पडद्याकडं बघत राही आणि रडायचं विसरून जाई.

एकच गोष्ट होती. तो आवाज हाडावरूनच माघारी फिरे, हाडाच्या आत शिरत नसे. पांढऱ्या रेषेच्या खाली पडदा काळा. त्या काळ्यात काय आहे ते यंत्राला ठाऊक नव्हतं. प्रशिक्षणात हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तृप्तीनं वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण बहुतेक मुलांच्या बाबतीत त्या काळ्यात डोकवायची गरजच पडत नाही, आणि ज्याची गरज पडत नाही ते माणूस विसरतो.

यंत्राला आणखी एक विद्या शिकवलेली होती. मोडलेलं हाड जुळताना त्यावर गाठ धरते. त्या गाठीवरून हाड किती महिन्यांपूर्वी मोडलं होतं याचा यंत्र अंदाज बांधी आणि मुलाच्या आरोग्यपत्रातल्या नोंदींशी ताडून बघी. कुठंच नोंद नाही असे दोन जुने मोड सापडले की पडद्यावर लाल पट्टी उमटे आणि तिच्याखाली तीन चौकोन. 'खुलासा पटला.' 'खुलासा पटला नाही.' 'एक्स-रे हवा.' यांपैकी दुसऱ्यावर खूण केली की तासाभरात बालसंरक्षण समितीकडं निरोप जाई. तिसऱ्यासाठी दोन डॉक्टरांच्या सह्या लागत आणि मुलाला नव्वद किलोमीटरवर जिल्ह्याला न्यावं लागे.

त्या लाल पट्टीनं तीन वर्षांत तालुक्यातली अकरा मुलं वाचवली होती. सावत्र बापानं पायऱ्यांवरून ढकललेला एक मुलगा तर तृप्तीमुळंच सुटला होता, आणि दर दिवाळीला त्याच्या मावशीचा फोन येई. तेव्हा तिचा त्या पट्टीवर विश्वास होता हे काही चुकीचं नव्हतं.

महिपती येळे आला तो संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. सोबत नऊ वर्षांची कार्तिकी, उजवा हात बापाच्या उपरण्यात गळ्याशी बांधलेला. निगुडवाडीचा येळे म्हटल्यावर तृप्तीच्या कपाळावर आठी चढली. तीन पिढ्यांचे हाडवैद्य. रस्त्याला पाटी होती, 'मोडलेले, निखळलेले, मुरगळलेले', आणि खाली बाण.

तृप्तीला हाडवैद्यांचा राग होता आणि तो उगाच नव्हता. तिचा धाकटा भाऊ नितीन सात वर्षांचा असताना चिंचेवरून पडला. दुसऱ्याच कुठल्या गावच्या वैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात करकचून आवळला आणि आठ दिवस सोडायचा नाही म्हणून बजावलं. चौथ्या दिवशी बोटं काळी पडली. नितीनचा हात कोपरापासून काढावा लागला. आता तो मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, एका हातानं आणि दातांनी. तेव्हा येळ्यांचा यात काही संबंध नसला तरी तृप्तीच्या मनात सगळे हाडवैद्य एकाच घरचे होते.

"बाई, बांधायला मला येतंय," महिपती म्हणाला. "पर बांधायसाठी आलो न्हाई. पोरीचा फोटू काढा एक."

लहान मुलांचा फोटो आता काढत नाहीत, असं तिनं तुटकपणे सांगितलं आणि जेली लावली. खांद्याच्या जरा खाली रेषेत पायरी होती. मोड नवा, कालचा. आणि त्याच जागी दोन गाठी, एक दीडेक वर्षापूर्वीची, एक सात महिन्यांपूर्वीची. आरोग्यपत्र कोरं. पडद्यावर लाल पट्टी आली.

महिपतीनं काही लपवलं नाही. पहिल्यांदा शाळेत खो-खो खेळताना पडली. दुसऱ्यांदा हंडा उचलताना. दोन्ही वेळा त्यानंच बांधलं आणि सहा आठवड्यांत हात कामाला लागला. घरात हाडवैद्य असताना लेकीला दवाखान्यात कशाला न्यायचं, हा त्याचा सरळ हिशेब होता. लोक पाच-पाच तालुक्यांतून त्याच्याकडं येत आणि त्यानं आपली पोर घेऊन रांगेत बसायचं? बायको चार वर्षांपूर्वी काविळीनं गेलेली, त्यामुळं दवाखान्याची त्याला फारशी गोडीही नव्हती. या खेपेला तर पोरीनं फक्त दप्तर पाठीवर टाकलं आणि हाड मोडलं.

मग त्यानं एक विचित्र गोष्ट केली. कार्तिकीच्या डाव्या कोपराच्या हाडावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि तिच्या खांद्याला कान लावला. नंतर उजव्या बाजूला, फार हळू, तसंच.

"ह्यो डावा खणखणीत हाय. ह्यो बद्द वाजतोय," तो म्हणाला. "मडकं घेताना वाजवून घेतो न्हवं आपण? तसं. हाड आतनं पोकळ झालंय, बाई. कशानं, ते मला ठावं न्हाई. मला आतलं दिसत न्हाई."

यंत्रात तसं काही दिसत नाही, असं तृप्ती म्हणाली.

"यंत्र आत बघतंय का?" त्यानं विचारलं.

त्यानं ते खोचकपणे विचारलं नव्हतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला हाडवैद्यानं यंत्राबद्दल विचारावं, हे तिच्या डोक्यात गेलं. वहीतली ती ओळ त्या क्षणी आठवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. नाही आठवली.

तिनं नियमाप्रमाणं बापाला बाहेर बसवलं आणि मुलीला एकटीला विचारलं. आण्णा मारतात का? कार्तिकीनं मान हलवली, नाही. मग हाताला काय करतात?

"रोज दाबून बघत्यात," कार्तिकी म्हणाली. "मी रडले तरी सोडत न्हाईत."

पोरीनं खरं तेच सांगितलं. सात महिने तो रोज संध्याकाळी हात चाचपून, दाबून, वाजवून बघत होता, कारण त्या आवाजानं त्याची झोप उडाली होती. पण तृप्तीला ते वाक्य नितीनच्या आवाजात ऐकू आलं. नितीनही रडत होता आणि तो वैद्यही सोडत नव्हता.

तिसऱ्या चौकोनाचा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. आला. डॉ. निंबकर शेजारच्या खोलीत चहा पीत होते, त्यांची सही दोन मिनिटांत झाली असती. दुसऱ्या सहीच्या डॉक्टरीणबाई मंगळवारी यायच्या, म्हणजे मध्ये तीन दिवस. तेवढे दिवस ही मुलगी त्या माणसाच्या घरी पाठवायची, हे तिला पटेना. तिनं दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

समितीची गाडी दुपारी आली. समितीच्या बाई शहाण्या होत्या, आरडाओरडा झाला नाही. हात प्लास्टरमध्ये घालून कार्तिकीला जिल्ह्याच्या बालगृहात न्यायला गाडीत बसवलं. आपण काय बोललो म्हणून हे झालं, ते तिला तेवढ्यात कळलं असावं, कारण ती सारखी म्हणत होती की आण्णा चांगलं दाबतात. महिपती गाडीच्या दाराशी उभा राहिला. तो पाया पडेल किंवा शिव्या देईल असं तृप्तीला वाटलं होतं. तो तिच्याकडं वळून एवढंच म्हणाला, "बाई, फोटू तेवढा काढा."

तो तिनं काढवला नाही. आता प्रकरण समितीकडं आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं.

महिपतीला दोन दिवस पोलीस ठाण्यात बसवून घेतलं. पुरावा काही मिळेना म्हणून सोडलं, पण मुलगी बालगृहातच राहिली. गावात मात्र निकाल लागून गेला होता. हा आधी मोडतो आणि मग जोडतो, म्हणूनच याचा धंदा चालतो, असं ज्यांचे हात त्यानं फुकट बांधले होते तेही बोलू लागले. रस्त्यावरची पाटी कुणीतरी उलटी केली. महिपती दर रविवारी एसटीनं जिल्ह्याला जाई, बालगृहाच्या व्हरांड्यात टेबलाच्या अलीकडं बसे, पलीकडं लेक बसे, आणि अर्ध्या तासानं परत येई. टेबलावरून हात पुढं करायची परवानगी नव्हती.

अकरा आठवडे गेले. प्लास्टर निघून महिना झाला होता. एका सकाळी बालगृहाच्या नळावर कार्तिकी आपला फ्रॉक पिळत होती. जवळ दोन मुली आणि अधीक्षक बाई. कुणी हात लावला नाही, कुणी ढकललं नाही. ओला फ्रॉक पिळताना हाड मोडलं, त्याच जागी, चौथ्यांदा.

जिल्ह्याच्या डॉ. वाघोलीकर म्हाताऱ्या होत्या आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्यांनी सही केली, सर्जनकडून दुसरी करून घेतली आणि एक्स-रे काढला. संध्याकाळी त्यांनी तृप्तीला फोन केला. हाडाच्या आत पिशवी होती, पाण्यानं भरलेली. कर्करोग वगैरे काही नाही, मुलांत होतो असा हा प्रकार. हाड आतून झिजत जातं, बाहेर नुसतं अंड्याच्या टरफलाएवढं कवच उरतं. बाहेरची रेषा शाबूत दिसते, आणि दप्तर उचललं तरी मोडते. वेळीच कळलं असतं तर पाणी काढून आत औषध भरून भागलं असतं. आता मोड वरच्या टोकापर्यंत गेला होता, जिथून हाड वाढतं तिथपर्यंत. ती जागा आता वाढणार नव्हती. कार्तिकी मोठी होईल, तिचा डावा हात मोठा होईल, उजवा चार बोटं आखूड राहील.

"तुम्हाला कुणी काही सुचवलं नव्हतं का?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"सुचवलं होतं," तृप्ती म्हणाली.

त्या महिन्यात तिनं बरीच पत्रं लिहिली. समितीनं चूक मान्य करून मुलगी परत दिली, पण आदेशात एक अट घातली. वडिलांकडं वैद्यकीय पात्रता नसल्यानं त्यांनी मुलीच्या हातापायांवर कोणताही उपचार, तपासणी वा हाताळणी करू नये. नजर ठेवायची जबाबदारी नोंद करणाऱ्या तंत्रज्ञाकडं, म्हणजे तृप्तीकडं. महिपतीनं न वाचता सही केली, पोर घरी येत होती म्हणून. आणि यंत्र बनवणाऱ्यांकडून उत्तर आलं की आपली नोंद आता बदलता येते, परंतु दरम्यान ती यंत्राच्या शिक्षणात वापरली गेली आहे, तिथून ती वेगळी काढता येत नाही. एका जागी तीन मोड, नोंद नाही, बाप हाडवैद्य, खुलासा पटला नाही. एवढं राज्यातल्या सगळ्या इस्त्र्या तिच्याकडून शिकल्या होत्या. आता कुठल्या तरी दुसऱ्या गावी, दुसऱ्याच मुलाच्या पोकळ हाडावर, ती लाल पट्टी आणखी जरा ठामपणे उमटणार होती. तृप्तीनं ते पत्र चारदा वाचलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

वैशाखात ती निगुडवाडीला गेली. जाताना जिल्ह्याला उतरून एक्स-रेची फिल्म छापून घेतली. फिल्म आता कुणी छापत नव्हतं. तिथल्या मुलानं कपाट उघडून जुना गठ्ठा शोधला आणि कशाला पाहिजे म्हणून विचारलं. एका माणसानं मागितली होती, असं तिनं सांगितलं.

महिपती ओट्यावर बसला होता. तिला बघून त्यानं आत हाक मारली आणि पाणी आणायला सांगितलं. कार्तिकीनं डाव्या हातानं तांब्या आणला. उजवा हात अजून झोळीत होता आणि खांदा एका बाजूला उतरला होता. तृप्तीनं येताना बसमध्ये वाक्यं जुळवली होती. ती सगळी तिनं सोडून दिली.

"माझं चुकलं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही. दोन सह्यांचं काम होतं, त्यातली एक तर शेजारच्याच खोलीत होती. मी तीही घेतली नाही."

महिपतीनं कार्तिकीच्या हातून तांब्या घेऊन तृप्तीपुढं ठेवला. मग म्हणाला की त्याचंही चुकलंच. पहिल्या वेळेलाच दवाखान्यात आणली असती तर कागदावर नोंद झाली असती. पण वैद्याच्या घरात मोडलं आणि परक्यानं बांधलं, असं लोक म्हणतील, याची त्याला लाज वाटली होती.

कार्तिकी त्याच्या शेजारी येऊन बसली. झोळीतला हात तिनं सावकाश त्याच्याकडं सरकवला.

"आण्णा, बघा की. आता पण बद्द वाजतंय का?"

महिपतीनं दोन्ही हात काखेत घालून घेतले. "सही केलीया, पोरी," तो म्हणाला आणि तृप्तीकडं बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, तो फक्त विचारत होता. हात धरा म्हणायला तृप्तीनं तोंड उघडलं. पण म्हणून काय उपयोग होता? एकदा धरला आणि कुणी पाहिलं, कुणी कळवलं, तर गाडी पुन्हा याच दारात येणार होती, आणि यावेळी नोंद तिला करावी लागणार होती. तिनं मान खाली घातली आणि पिशवीतून फिल्म काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

त्यानं ती उन्हाकडं धरली. काळ्या फिल्मवर लेकीचा हात पांढरा उभा होता. खांद्याखाली तो पांढरेपणा विरून गेला होता आणि तिथं करडा, रिकामा फुगा होता, भोवती केसाएवढी कड. त्याला कुणी दाखवायला लागलं नाही. त्यानं फिल्म मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि कोपरापासून वर बोटं फिरवत नेली, जशी तो माणसाच्या हातावर फिरवी तशी, थांबत, चाचपत. फुग्याशी येऊन बोटं थांबली.

मग सवयीनं त्यानं फिल्मवरच्या कोपराला बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि वाकून खांद्याच्या जागी कान लावला. फिल्म कानाखाली जराशी करकरली. तो तसाच वाकून राहिला, इतका वेळ की कार्तिकीनं त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला.

"ह्याच्यात आवाज न्हाई, बाई," तो म्हणाला.

तृप्ती तांब्यातलं पाणी प्यायली आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते तिनं विचारलं.